चंद्राचं बटण

रमजान तडवी यावलहून आला फटफटीवर,
शिडी आडवी बांधून,
आणि भिंतीला भोक पाडायच्या आधी म्हणाला,
"काकू, तुम्ही कोणत्या अंगाला निजता?
वारा डोक्यावर नको."

सावद्यात सव्वीस वर्षं झाली मला.
हे कोणी विचारलं नव्हतं.

रिमोट त्यानं माझ्याच हातात दिला.
ही बर्फाची चांदणी, वैशाखात हीच.
हा पाण्याचा थेंब, याच्या नादी आत्ता लागू नका,
मे महिन्यात आपल्या हवेत पाणी आहेच कुठं काढायला,
ओठ फुटतील नुसते.
पोळ्याच्या सुमाराला, पापड मऊ पडतात, झंपर पाठीला चिकटतो,
तेव्हा थेंब.
पंखा म्हणजे पंखाच, त्याच्याकडून गारव्याची आशा नको.
"आणि अठरा केलं म्हणून खोली लवकर निवत नाही, काकू.
ती काय गॅसची शेगडी आहे मोठी करायला?
चोवीस ठेवा, दार लावा, धीर धरा."

धीर.

लीलाधर आठला आला.
तो केळी पिकवायच्या चेंबरात असतो, सोळा अंशांत,
बाहेर सेहेचाळीस आणि हा स्वेटर घालून क्रेट मोजतो.
घरी आला की ओट्याच्या तापल्या फरशीला
पाठ लावून बसतो, मांजरासारखा.
"अठ्ठावीस कर," म्हणाला.
मी चोवीस सोडलं नाही.

निजताना चंद्र दाबायचा, रमजाननं सांगितलं होतं.
झोपेत अंग निवतं,
म्हणून मशीन आपोआप तासाला एक अंश वर चढतं.
कंपनीनं कोणाचं अंग मोजलं असेल?
माझं निवत नाही.
रात्री दीडच्या सुमाराला छातीत भट्टी लागते,
मानेवरून कानामागं चढते,
उशी उलटावी तर दुसरी बाजूही ओली.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळी जाताना होतं असं.
मागच्या उन्हाळ्यात मी कूलरच्या वाळ्याला तोंड लावून
उभी राहायची अंधारात.
लीलाधरला वाटायचं, टाकीतलं पाणी बघते.

त्या रात्री सव्वीस चढलं आणि मी उठले.
टुंक. पंचवीस. टुंक. चोवीस. टुंक.
"काय करून राह्यली?"
"पिकून राह्यली," मी म्हटलं.

तो हसला नाही.
उठून बसला, लाईट न लावता,
आणि क्रेटच्या मधोमध घालतात तसा
हात घातला माझ्या मानेखाली.
बराच वेळ ठेवला.
"केळं पिकताना आतून तापतं," म्हणाला.
"आपण बाहेर सोळा ठेवतो, गरात एकोणीस निघतं.
भिंतीवरचा आकडा पाहून चालत नाही,
घडाच्या पोटात सुई घालावी लागते."
मग म्हणाला, "कधीपासून?"
"हा दुसरा उन्हाळा."
"व माय," म्हणाला तो, इतक्या हळू
की बोलला की नाही कोण जाणे.

आता चेंबरातला स्वेटर तो घरीही घालून निजतो.
पलंग फिरवला. वाऱ्याची बाजू माझी.
चंद्राला कोणी हात लावत नाही.
भट्टी लागायची ती लागतेच,
फक्त उशी उलटणारे हात
कधी कधी माझे नसतात.

परवा पोळा झाला, थेंब लावला.
रात्रभर बाहेरच्या नळीतून टपटप,
सकाळी बादली अर्ध्याच्या वर.
आमच्या एवढ्याशा खोलीत एवढं पाणी होतं!
मी जास्वंदीला घालायला निघाले तर लीलाधर म्हणाला,
"थांब, ओतू नको.
इन्व्हर्टरच्या बॅटरीला चालतं का ते
रमजानला विचारू."